पीएचडीसाठी घेतलेला ईईजीचा डेटा सगळ्यांसाठी खुला करायचा आहे, कुठे टाकू?

तुम्ही सोलापुरातच ३० जणांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या हालचालीच्या नोंदी, घेतलेत, गाइड डेटा खुला करा म्हणतात, आणि कोणती वेबसाइट चांगली असं विचारताय. वेबसाइटचं शेवटी बघू. आधी लॅपटॉपवरचं फोल्डर उघडा.

मी या कामात आले तेव्हा आमच्याकडे एका जुन्या विद्यार्थ्याची रेकॉर्डिंग्ज पडून होती. 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल'. रेफरन्स इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो, कोणता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोकांनी डोक्याला जेल लावून घेऊन, तासभर न हलता बसून दिलेला तो डेटा वाया गेला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

म्हणून मांडणी बिड्स, म्हणजे ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चरप्रमाणेच करा. ही पद्धत २०१६ साली एमआरआयसाठी आली, २०१९मध्ये ईईजीचे नियमही प्रसिद्ध झाले. प्रत्येक व्यक्तीचं क्रमांकाचं फोल्डर, फाइलच्या नावातच व्यक्ती आणि टास्क. सोबतच्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे माहिती लिहायच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, सॅम्पलिंग (सेकंदाला किती नोंदी), रेफरन्स आणि घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी. ही फ्रिक्वेन्सी लिहायचा आपल्याला कंटाळा येतो, कारण आपल्याकडे ५० हर्ट्झच असते. पण अमेरिकेत ६० असते. तिथल्या कुणी सवयीने ६०चा फिल्टर लावला तर आपल्या विजेची गुणगुण डेटात तशीच राहील.

कोणत्या सेकंदाला काय दाखवलं, याचा तक्ता वेगळा असतो. तो दोनदा तपासा. जकार्ड मागाची नक्षी ठरवणारी कार्डं उलटसुलट ओवली की चादरीच्या नक्षीचं काय होतं, हे सोलापूरकराला सांगायला नको.

मग ब्राउझरमध्ये बिड्स व्हॅलिडेटर, म्हणजे मांडणी नियमांप्रमाणे आहे का ते तपासणारं साधन, चालवा. तपासणी तुमच्याच संगणकावर होते, डेटा बाहेर जात नाही.

सगळ्यात नाजूक गोष्ट माणसांच्या नावांची. ईडीएफ (ईईजी साठवायचा एक फाइल प्रकार) फाइलचं नाव बदललं तरी आत हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, रुग्णाच्या ओळखीसाठी ८० अक्षरांची जागा असते, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तिथे पूर्ण नाव टाकलेलं असू शकतं. ते पुसाच. जन्मतारखेऐवजी वय द्या. आणि डेटा जगभर खुला होईल, हे संमतीपत्रात त्यांना कळेल अशा भाषेत होतं का? आपल्याकडे कुणाची घरची भाषा तेलुगू, कुणाची कन्नड. नसेल, तर आधी एथिक्स कमिटीकडे जा.

हे सगळं झालं की वेबसाइट: ओपनन्यूरो, मेंदूचा डेटा खुला ठेवायची जागा. पैसे लागत नाहीत, डेटाला डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठी कायमचा क्रमांक, मिळतो. मात्र परवाना सीसी-झिरो, म्हणजे कुणीही कशासाठीही वापरू शकतं. एकदा लोकांनी उतरवून घेतला की परत मागता येत नाही.

आज एकाच व्यक्तीचं फोल्डर करून व्हॅलिडेटर चालवा. काय चुका दाखवतो ते इथे टाका, मी बघते.