गेटवे झोपतो तेव्हा

प्रश्न : डेटाबेस ऑफिसातल्या एसक्यूएल सर्व्हरवर आहे, त्यातले आकडे पॉवर बीआय या ऑनलाइन रिपोर्ट-सेवेला पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे गेटवे, माझ्या लॅपटॉपवर. मी घरी गेलो की साहेबांना रिपोर्टमध्ये शिळे आकडे दिसतात. राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडू का?

उत्तर : पोर्टला हात लावू नका. गेटवे स्वतः आतून बाहेर जोडणी करतो, बाहेरून कुणी आत येत नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तोही झोपतो, एवढंच. (आमच्याकडे हिशेबनीस जाताना मेन स्विचच पाडायचे!) रात्रंदिवस चालू असलेल्या, वायरने जोडलेल्या मशीनवर ‘स्टँडर्ड’ प्रकारचा (अनेकांनी मिळून वापरायचा) गेटवे बसवा. सर्व्हरचं नाव रिपोर्टमध्ये आणि गेटवेत अगदी सारखं हवं; इकडे आयपी (मशीनचा आकडी पत्ता), तिकडे नाव, असं चालत नाही. रिकव्हरी की (गेटवे बसवताना आपण ठरवतो तो, पुढे गेटवे दुसरीकडे हलवायला लागणारा पासवर्ड) मात्र जपून ठेवा, हरवली तर परत मिळत नाही.