उन्हाळ्याचं ताक आणि मठ्ठा: वाचकांचे प्रश्न

ऊन वाढलं की ताकाबद्दलचे प्रश्नही वाढतात. बहुतेकांना वाटतं, मसाला जमत नाही. खरं तर ताकाची चव विरजण लावतानाच ठरते. जिरं-हिंग त्यावर साज चढवतात, बिघडलेलं दही सावरू शकत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न दह्याचाच घेतला आहे.

प्रश्न: आम्ही नागपूरला राहतो. रात्री दहाला विरजण लावते. सकाळपर्यंत दही इतकं आंबट होतं की त्याचं ताक घशाखाली उतरत नाही. दूध चांगलं असतं, भांडंही स्वच्छ असतं. काय चुकतंय?

वेळ चुकते आहे. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. दही लागलं म्हणून ते थांबत नाहीत, गारवा मिळेपर्यंत त्यांचं काम चालूच राहतं. मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा इतकी ऊब असते की चार-पाच तासांत दही लागतं. दहाला विरजलेलं दही तीनच्या सुमारास तयार होतं आणि पुढचे तीन-चार तास नुसतं आंबत राहतं.

विरजण संध्याकाळी पाचला लावा. 1 लीटर दूध उकळून मंद आचेवर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा, मग कोमट होऊ द्या. करंगळी बुडवली तर सुखद ऊब लागावी, चटका बसू नये. अर्धा चहाचा चमचा विरजण थोड्या दुधात फेटून मग सगळ्या दुधात मिसळा. हिवाळ्यात लागतं तेवढं विरजण उन्हाळ्यात घालू नका. साडेआठपासून भांडं न हलवता जरासं तिरपं करून पाहा. दही एकसंध सरकलं, कडेला पाणी सुटलेलं नसलं, की लगेच फ्रीजमध्ये. ‘अजून थोडं घट्ट होऊ दे’ म्हणून बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये ते आपोआप घट्ट होतं.

विरजणही तपासा. आंबट दह्यातून विरजण घेत राहिलं तर दही दिवसेंदिवस आंबटच होत जातं. नवं दही गोड असतानाच त्यातलं चमचाभर वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि पुढचं दही त्यानंच लावा.

प्रश्न: आंबट झालेलं दही टाकून द्यावं लागेल का? खायचा सोडा घालून चालेल?

सोडा नको, ताकाला साबणासारखी चव येते. दही मोडून त्यात दुप्पट थंडगार पाणी घाला आणि दोन तास फ्रीजमध्ये हलवू नका. वर आलेली निवळ ओतून द्या, आंबटपणाचा बराच भाग तिच्याबरोबर जातो. तेवढंच ताजं गार पाणी घालून घुसळा. तरीही जास्तच आंबट लागलं तर कढी करा. ताकापेक्षा कढीला आंबटपणा शोभतो.

प्रश्न: सायीचं दही लावून घुसळते, पण उन्हाळ्यात लोणी नीट येत नाही. सगळं पातळ, तेलकट होऊन भांड्याला चिकटतं.

लोण्याचे कण एकमेकांना धरतात ते साधारण 12 ते 15 अंशांच्या गारव्यात. त्याहून गरम झालं तर स्निग्धांश वितळू लागतो आणि तुम्ही म्हणता तसा तेलकट लेप बसतो. फार गार असेल तर कण कडक राहतात आणि जुळत नाहीत. हिवाळ्यात गरम पाण्याचा हबका का मारतात, ते यावरून कळेल.

साय विरजून लागली की चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवा. घुसळायचं भांडंही गार करा. आधी पाणी न घालता रवी फिरवा, घट्टसर झालं की बर्फाचं पाणी थोडं थोडं घाला. मिक्सर वापरत असाल तर थांबून थांबून, काही सेकंदच फिरवा, कारण पात्यांच्या वेगानंही दही तापतं. रव्यासारखे कण दिसू लागले आणि रवीचा आवाज जड होऊन मग एकदम पातळ पाण्यासारखा झाला, की लोणी आलंच. आणखी एक पेलाभर बर्फाचं पाणी घालून हलक्या हातानं रवी फिरवा, गोळा वर तरंगतो. खाली उरतं ते खरं ताक. हलकं, किंचित आंबूस आणि लोण्याचा वास असलेलं. दह्यात पाणी घालून केलेल्या ताकाला ही चव येत नाही. सायीचं ताक घरात असेल तर त्यात मीठ आणि चिमूटभर जिरेपूड, एवढंच घाला.

प्रश्न: मुलाच्या मुंजीला घरीच मठ्ठा करायचा आहे. जिलेबी बाहेरून येईल. पन्नास माणसांचं प्रमाण द्याल का? मागच्या वेळी सकाळी केलेला मठ्ठा दुपारी कडवट लागला आणि वरची कोथिंबीर काळपट झाली होती.

माणशी एक पेला, म्हणजे 200 मिली धरा. एकूण 10 लीटर मठ्ठा लागेल. त्यासाठी 4 किलो गोड दही आणि सगळं मिळून 6 लीटर पाणी. या 6 लीटरमध्येच बर्फही धरा: साडेचार लीटर पाणी आणि दीड किलो बर्फ. पाणी पूर्ण घालून वर बर्फ टाकला की शेवटच्या पंगतीला पांचट मठ्ठा मिळतो.

बाकीचं असं: मीठ 50 ग्रॅम, साखर 120 ग्रॅम, आलं 50 ग्रॅम, हिरव्या मिरच्या 10-12, भाजलेल्या जिऱ्याची पूड 3 मोठे चमचे, हिंग अर्धा चहाचा चमचा, कोथिंबीर एक जुडी. मठ्ठ्यात साखर हवीच, पण ती गोडी म्हणून कळता कामा नये, आंबट-तिखटाला गोलाई येण्यापुरतीच. जिलेबीबरोबर द्यायचा असेल तर मिठाचा हात किंचित सढळ ठेवा.

दही आधी पाण्याशिवाय घुसळा. पाणी आधी घातलं की गुठळ्या रवीला चुकवून तरंगत राहतात. दही लोण्यासारखं मऊ दिसलं की पाणी घालत जा. जिरं मंद आचेवर, एक छटा गडद होईपर्यंतच भाजा. काळं पडलं की कडू लागतं, आणि पन्नास जणांच्या मठ्ठ्यात ते लपत नाही. हिंग कोरडा टाकू नका, चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून घाला.

तुमचा कडवटपणा बहुधा आल्यातून आला. कच्च्या आल्याच्या रसानं दुधातली प्रथिनं तुटतात, ताकात तो तासन् तास राहिला की चव बिघडते. मिरचीही कुटून घातली की तिचा तिखटपणा वेळ जाईल तसा उतरत राहतो. सकाळी चाखून बरोबर वाटलेला मठ्ठा दुपारी जिभेला झोंबतो. कोथिंबिरीचा हिरवा रंग आम्लात टिकत नाही. तेव्हा सकाळी फक्त दही, पाणी, मीठ, साखर, जिरं, हिंग एवढाच मठ्ठा करून गार ठेवा. आलं-मिरची थोड्या मिठाबरोबर वाटून, पंगत बसायच्या अर्धा तास आधी, रस पिळून गाळून घाला. चोथा घालायचा नाही. कोथिंबीर अगदी वाढताना. बर्फही तेव्हाच.

धुराचा वास आवडत असेल तर निखाऱ्यावर थेंबभर तूप आणि चिमूटभर हिंग टाकून त्यावर रिकामं भांडं मिनिटभर पालथं धरा आणि लगेच त्यात मठ्ठा ओतून झाका.

प्रश्न: ऑफिसला बाटलीत ताक नेतो. दुपारपर्यंत वर पाणी, खाली गाळ. खराब झालं समजायचं का? आजीच्या पितळी तांब्यात ठेवलं तर चालेल?

खराब नाही. दह्याचे बारीक कण जड असतात, ते खाली बसतात. बाटली हलवून प्या. प्रमाण मात्र एक वाटी दह्याला अडीच वाट्यांपेक्षा जास्त पाणी ठेवू नका, फार पातळ ताक लवकर निवळतं. बाटलीचं झाकण उघडताना फस्स आवाज आला, फेस आला किंवा दारूसारखा वास आला, तर ते ताक ओतून द्या. पितळी तांब्याला आतून चांगली कल्हई असेल तरच चालेल. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं आणि ते पोटाला बाधतं. स्टील किंवा काच उत्तम.

प्रश्न: आम्ही टोरांटोला असतो. इथलं ग्रीक योगर्ट वापरून ताक होईल का? आणि दुकानात ‘बटरमिल्क’ मिळतं, ते आपलं ताकच ना?

ग्रीक योगर्ट म्हणजे पाणी काढलेलं दही, आपल्या चक्क्याच्या जवळचं. त्याच्या एका वाटीला चार वाट्या पाणी घाला. डब्यावर जिलेटिन, पेक्टिन किंवा स्टार्च लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका, ताक गिळगिळीत होतं. दुकानातलं बटरमिल्क सहसा लोणी काढून उरलेलं नसतं, दूधच विरजून घट्ट केलेलं असतं आणि त्यात बरेचदा मीठही असतं. निम्मं पाणी घालून, मीठ चाखून मगच घाला. पिण्यापेक्षा ते कढीला जास्त बरं.

प्रश्न: वडिलांना रक्तदाब आहे. उन्हाळाभर ताक देतो, मीठ किती घालावं?

दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपण ताकात सवयीनं पेल्याला 1 ग्रॅमच्या आसपास घालतो, म्हणजे तीन पेल्यांत निम्म्याहून जास्त वाटा संपला. त्यांचं ताक अळणीच करा, जिरेपूड आणि पुदिना थोडा जास्त घाला. सैंधव आणि पादेलोणही मीठच आहे, त्यात सूट समजू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर ताकावर अवलंबून न राहता ओआरएस द्या आणि डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: उरलेल्या श्रीखंडाचं पियूष कसं करतात? माझ्या पियूषात गुठळ्या राहतात.

200 ग्रॅम श्रीखंडाला 2 वाट्या ताजं, गोड ताक. श्रीखंडात आधी चमचा-चमचा ताक घालून ते सैल करा, बाकीचं नंतर ओता. सगळं एकदम ओतल्यामुळेच गुठळ्या होतात. चिमूटभर मीठ, थोडी वेलची आणि सहाणेवर उगाळलेले जायफळाचे तीन-चार वेढे घाला. तासभर गार करा, म्हणजे जायफळ मुरतं. त्याच दिवशी संपवा.