वाचकांचे प्रश्न : लेहमध्ये भाड्याचं घर शोधताना

प्रश्न : माझी नागपूरहून लेहला बदली झाली आहे. सप्टेंबरच्या शेवटी रुजू व्हायचं आहे. सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी असेल. क्वार्टर लगेच मिळणार नाही. ओळखीच्या एकाने दोन खोल्यांचे फोटो पाठवलेत, आगाऊ रक्कम मागतो आहे. इथूनच ठरवून टाकावं का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : फोटोंवर पैसे देऊ नका. जमत असेल तर आधी एकटे जा, दहा-बारा दिवस गेस्ट हाऊसमध्ये राहा आणि घर डोळ्यांनी पाहून घ्या. पहिले दोन दिवस मात्र घरं पाहत फिरू नका. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे प्रत्येक श्वासात नागपूरच्या दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. विमानातून उतरल्या उतरल्या जिने चढलात तर डोकं ठणकायला लागतं, मळमळतं. दम बसल्या जागी लागत असेल तर थेट दवाखाना गाठा.

नागपुरात घर पाहताना आपण ऊन टाळतो. पश्चिमेची खोली नको, दक्षिणमुखी तर नकोच, कूलरला खिडकी हवी. लेहमध्ये हा सगळा हिशेब उलटा करा. जानेवारीत रात्री तापमान उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतं, पण दिवसा आकाश बहुतेक निरभ्र असतं. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर असतो. त्यामुळे सात फूट उंच काचेतून ऊन अकरा फूट आतपर्यंत येतं. अशी दक्षिणेची खोली दिवसभर तापते. तीच बसायची आणि झोपायची खोली करा. उत्तरेकडची खोली सामानाला ठेवा. मोबाइलमधलं होकायंत्र लावून दिशा तपासा, घरमालकाच्या बोलण्यावर जाऊ नका. समोर डोंगर किंवा उंच इमारत असेल तर सप्टेंबरात येणारं ऊन डिसेंबरात अडतं, म्हणून शेजाऱ्यांना विचारा : हिवाळ्यात ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं? भिंती जाड मातीच्या विटांच्या असतील तर उत्तम. दिवसाची ऊब त्या रात्री सावकाश सोडतात. सिमेंटच्या पातळ भिंती लवकर गार पडतात. वर आणखी एक मजला असेल तर छतातून कमी ऊब जाते.

त्यानंतर पाणी. सप्टेंबरात नळ धो-धो वाहत असतो, म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे : जानेवारीत पाणी कुठून येतं? बोअरवेलचं, टँकरचं की हातपंपावरून बादलीने आणायचं? पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं, आणि पाइप फुटतात ते त्यामुळेच. बर्फ वितळेपर्यंत गळती कळतही नाही. पाइपलाइनच्या सर्वांत खालच्या टोकाला पाणी सोडून द्यायचा नळ आहे का ते पाहा. असेल तर रोज रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करता येते. टाकी गच्चीवर उघड्यावर असेल तर ती हिवाळ्यात निरुपयोगी. घरात दोनशे लिटरचा ड्रम ठेवायला जागा हवी. फ्लशच्या संडासातलं पाणीही गोठतं, म्हणून आवारात पाण्याविना चालणारा पारंपरिक लडाखी कोरडा संडास असेल तर तो दोष समजू नका. उलट हिवाळ्यात तोच उपयोगी पडतो.

खोली गरम ठेवायला बुखारी, म्हणजे धुराडं असलेली लोखंडी शेगडी लागते. तिच्या धुराड्याचे सांधे घट्ट आहेत का आणि तोंड थेट घराबाहेर निघतं का, हे स्वतः हात लावून बघा. कोळशाची शेगडी किंवा धुराडं नसलेला गॅस हीटर पेटवून बंद खोलीत झोपणं जीवघेणं आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जिथे प्राणवायू आधीच कमी तिथे तो लवकर घात करतो. या वायूचा अलार्म नागपूरहूनच घेऊन जा. मुलगी सोबत आहे, एवढ्यावर काटकसर करू नका. विजेचा २,००० वॉटचा हीटर सुमारे नऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला तर वायर तापून जळते.

करार लेखी करा आणि त्यात महिने स्पष्ट घाला. पर्यटकांचा हंगाम उन्हाळ्यात असतो. हिवाळ्यात रिकाम्या असलेल्या गेस्ट हाऊसच्या खोल्या स्वस्तात मिळू शकतात, पण मे उजाडला की त्या परत मागितल्या जाऊ शकतात. पाइप फुटला तर दुरुस्ती कोणाची, हेही लिहून घ्या.

प्रश्न : जाण्याआधी इथे काय उरकावं?
— तेच वाचक

उत्तर : जड सामान रस्त्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पोचवा. पुढे बर्फामुळे श्रीनगरच्या रस्त्यावरची झोजिला आणि मनालीच्या रस्त्यावरची बारालाचा या खिंडी बंद होतात, मग सगळी भिस्त विमानावर. गॅसचं कनेक्शन बंद करून एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. तिथे सिलिंडर घरातच ठेवावा लागतो. बाहेर थंडीत आतल्या द्रवाची पुरेशी वाफ होत नाही आणि सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रेशर कुकर आवर्जून न्या. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. आणि सिमकार्ड प्रीपेड असेल तर इथेच पोस्टपेड करून घ्या. बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही, आणि घर शोधायला फोन तर पहिल्या दिवसापासून लागणार.