पहिल्यांदा बिअर फेस्टिव्हलला जाताना

भाऊ, नागपुरात असो की पुण्यात, फेस्टिव्हलला उपाशीपोटी जाऊ नकोस. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा ओळखपत्र खिशात ठेव. गाडी मात्र घरीच.

आत गेल्यावर थेट मोठा ग्लास घेऊ नकोस, छोटे टेस्टर माग. सुरुवात गव्हाच्या बिअरने कर, मग पेल एल, तिच्याहून कडू आयपीए (इंडिया पेल एल) आणि शेवटी भाजक्या माल्टची काळी स्टाउट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. आयपीए आधी घेतलीस तर हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा जिभेवर बसतो आणि मग गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते.

प्यायच्या आधी वास घे. हेफेवायझेन या जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग जाणवेल. त्यात ना केळं असतं ना लवंग, ती सगळी बिअर आंबवणाऱ्या यीस्टची करामत! विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरंच घालतात. संत्र्याची साल नखाने दाबली की जो तेलकट वास उडतो तो आपल्याला लहानपणापासून पाठ असतो, त्यामुळे ही बिअर नागपूरकराने घ्यायलाच हवी.

सावजी मटणासोबत आयपीए नको. तिखट आणखी चढतं, गव्हाचीच बरी.

ग्लास उन्हात ठेवू नकोस. उजेडाने हॉप्समधले घटक बदलतात आणि काही मिनिटांतच बिअरला उग्र वास येतो.

स्टॉलवर बिअर बनवणारा स्वतः उभा असेल तर गर्दी व्हायच्या आत त्याला गाठ. माल्ट कोणता, यीस्ट कोणतं, विचार. ही माणसं मनापासून सांगतात.