जुन्या मॅसी ३५ चे इंजिन पार्ट घेताय? आधी हे वाचा

भाऊ, दुकानात जाऊन नुसतं "मॅसी ३५ चा किट द्या" असं सांगू नका, तुमच्या मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरचं इंजिन आधीच्या मालकाने बदललं असेल तर बॉनेटवरच्या नावाला काही अर्थ उरत नाही, ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासून पुसून वाचा आणि त्यावरून पार्ट मागवा.

खरा घोळ पर्किन्स कंपनीच्या तीन सिलेंडर इंजिनांमध्ये होतो. ३५ मध्ये आलेलं 3ए.152 आणि नंतर मॅसी 135 मध्ये आलेलं एडी3.152, दोघांचा बोर (सिलेंडरचा व्यास) 91.4 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 127 मिमी, त्यामुळे दुकानदार बिनधास्त एकच पिस्टन हातात ठेवतो. पण जुनं 3ए इनडायरेक्ट इंजेक्शन, त्याचा डिझेल जळायचा चेंबर हेडमध्ये, आणि एडी डायरेक्ट, त्याची डिझेल जळायची वाटी पिस्टनच्या डोक्यात. अदलाबदल केली की कॉम्प्रेशन बिघडलंच, मग थंडीत सेल्फ मारत बसा. नोझलपण वेगळे, आणि कुणी ब्लॉक एकाचा, हेड दुसऱ्याचं बसवलं असेल तर नंबरपण फसवतो, म्हणून हेड खोलून पिस्टन डोळ्यांनी बघाच. आणि अगदी सुरुवातीच्या ३५ ला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलेंडर डिझेल इंजिन होतं, त्याचं यातलं काहीच चालत नाही.

बेअरिंग सगळ्यात शेवटी घ्या. आधी क्रँक लेथवाल्याकडे मोजून घ्या, तो दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड करायचा म्हणाला आणि घासताना वीसवर गेला तर तुमचे दहाचे बेअरिंग पडून राहणार. स्लीव्ह, पिस्टन, रिंग मात्र एकाच कंपनीचा सेट घ्या, सुटे जमवू नका.