वाचक विचारतात : तीरकमठ्याचा बांबू

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर मानवेल बांबूचं बेट आहे. गेल्या जुलैत तीरकमठ्यासाठी एक बांबू तोडला, उन्हात वाळवला, तर तडे गेले आणि आता खालून पिवळी भुकटी पडतेय. काय चुकलं? (एक वाचक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : दोन्ही चुकलं की हो! पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात, तेव्हा बांबूत स्टार्च भरपूर असतो आणि भुंग्याला तोच हवा असतो, ती भुकटी त्याचीच. तोडायचा तो पावसाळा संपल्यावर, थंडीत. अमावस्येला तोडला की किडत नाही म्हणतात, पण माझ्या मते महिना सांभाळला तरी पुरे. आणि बांबू तीन-चार वर्षांचा हवा. कोवळा हिरवागार, गुळगुळीत असतो आणि पेरांवर कोंबाची सालपटं चिकटलेली दिसतात, जून झालेल्याचा रंग उतरतो, अंगावर पांढरट डाग येतात आणि काठीने ठोकलं की खणखणीत वाजतो.

बेटाच्या मधला घ्या, कडेचे कोवळे राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बेटच बसेल. तोडल्यावर लगेच उभा चिरा आणि पट्ट्या सावलीत, वारा लागेल अशा उभ्या करून दोन-तीन महिने ठेवा, उन्हात अजिबात नको, घाईने वाळला की बांबू तडकतो. तासताना हिरव्या सालीच्या बाजूला हात लावू नका, सगळी ताकद त्या बाहेरच्या धाग्यांत असते, म्हणून ती बाजू निशाणाकडे येते, कमी करायचं ते आतून. भिल्लांच्या कमठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ कामटीची असते, बघितलीच असेल तुम्ही.