दारावरचा 'ए' आणि भिंतीवरचे स्मायली

प्रश्न : ताई, मुलीकडे न्यूयॉर्कला गेले होते तेव्हा तिकडे हॉटेलांच्या काचेवर मोठं निळं 'ए' दिसायचं, एके ठिकाणी 'बी' होतं तर जावई आत शिरायलाच तयार नाहीत. इथे दादरला असं काही दिसत नाही, नुसता एफएसएसएआयचा (केंद्र सरकारची अन्नसुरक्षा बघणारी संस्था) १४ आकडी नंबर असतो. आमच्या नेहमीच्या उडप्याकडे मात्र फ्रेममध्ये चार स्मायली लावलेत. चार म्हणजे तिकडचं 'बी' का?

उत्तर : नाही हो, दोन्हीचा हिशोबच वेगळा. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर न कळवता येतो आणि चुकांचे पॉइंट लावतो, म्हणजे शाळेच्या मार्कांच्या उलट, जितके जास्त तितकं वाईट. १३ पर्यंत ए, १४ ते २७ बी, त्याच्यावर सी. २०१० पासून चालू आहे हे. पदार्थ योग्य तापमानाला न ठेवणं या एकाच चुकीला कमीत कमी ७ पॉइंट बसतात, म्हणजे अशा दोन चुका झाल्या की झालं बी! आणि शेजारच्या ए वाल्याचे १३ असतील, कोणी सांगावं. शिवाय पहिल्या खेपेला ए नाही मिळाला तर पुन्हा तपासणी होते, मग ग्रेड ठरते, त्यामुळे काचेवरचा ए दुसऱ्या खेपेचाही असू शकतो. जावयांना सांगा, कुठल्या चुकीचे पॉइंट लागले ते तिथे ऑनलाइन दिसतं, ते वाचून मग ठरवा.

आपल्याकडचे स्मायली म्हणजे एफएसएसएआयचं हायजीन रेटिंग, १ ते ५. यात मालक आपणहून अर्ज करतो, मान्यता असलेली ऑडिट एजन्सी येऊन किचन बघते आणि तिची फीसुद्धा मालकच भरतो. मला हे काही फारसं पटत नाही, ज्याचं किचन घाण तो कशाला अर्ज करतोय? पण तुमच्या उडप्याने केला आणि चार मिळाले, चांगलंच आहे की. फक्त सर्टिफिकेटवरची मुदत संपलेली नाही ना तेवढं बघा. आणि स्मायली नाहीत म्हणून एखादा इराणी लगेच अस्वच्छ ठरत नाही, त्याने अर्ज केला नसेल एवढंच.

तो १४ आकडी नंबर ग्रेड नव्हेच. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन, पुढचे दोन आकडे १५ असतील तर महाराष्ट्र, ०० असतील तर सेंट्रल लायसन्स. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावर छापणं कंपल्सरी आहे.

प्रश्न : स्टेशनबाहेरचा गाडीवाला पेपरात भजी बांधून देतो आणि तेल तर काळंकुट्ट. बोललं की म्हणतो, नका घेऊ. तक्रार कुठे करायची?

उत्तर : छापील पेपरात खाणं द्यायला बंदीच आहे, शाई तेलात उतरते म्हणून. तेलाचाही नियम आहे, तळून तळून तेल खराब होताना त्यात जे घटक तयार होतात, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. आता हे नुसत्या रंगावरून सिद्ध होत नाही, त्यामुळे भांडत बसू नका. गाडीचा फोटो, जागा आणि वेळ लिहून फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाका, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ वर फोन करा.